परदेशी डिझाइन स्टुडिओसाठी वास्तू शूट करताना: लेन्सच्या आधीचं बरंच काही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजवर घरविक्रीच्या जाहिरातींसाठी फोटो काढलेत, आता एका परदेशी डिझाइन स्टुडिओने त्यांची दोन घरं आणि एक ऑफिस शूट करायला बोलावलंय, हातात पाच दिवस आहेत. लेन्स कोणती न्यावी, दिवसाला किती फोटो होतात आणि पैसे कसे सांगावेत?

तिन्हींची उत्तरं देतो, पण जरा आडवळणाने. अशा कामात सगळं एकाच गोष्टीभोवती फिरतं: चुकलं तर परत जाता येत नाही. गावातल्या गावात आभाळ आलं तर आपण म्हणतो, उद्या येतो. इथे उद्या तुम्ही विमानात असता. त्यामुळे निम्मंअधिक काम कॅमेरा बॅगेतून बाहेर निघायच्या आधीच उरकलेलं असावं लागतं.

आधी सवयीचं बोलू. जाहिरातीच्या फोटोला खोली मोठी दिसायला हवी असते. म्हणून आपण १६ मिलिमीटरची लेन्स घेऊन कोपऱ्यात चिकटतो, घरातले सगळे दिवे लावतो आणि तीन भिंती एका फ्रेममध्ये कोंबतो. स्टुडिओला हे बघवत नाही. त्यांनी ती खोली सेंटिमीटर मोजून बसवलेली असते. इतक्या रुंद लेन्समध्ये कडेचा सोफा होडीसारखा लांबतो, समोरची भिंत पळून जाते आणि ज्या प्रमाणासाठी त्यांनी सहा महिने डोकं खपवलं तेच फोटोत मोडतं. आतल्या फ्रेमसाठी २४ ते ३५ मिलिमीटरमध्ये राहा. खोली मावत नसेल तर ती अर्धीच दाखवा, पण खरी दाखवा. हे एकदा अंगवळणी पडलं की बाकीचं शिकता येतं.

काम पक्कं झाल्यावर मी स्टुडिओकडे पहिल्यांदा ड्रॉइंग मागतो. उत्तर दिशेचा बाण असलेला प्लॅन, एक-दोन सेक्शन (इमारत उभी कापल्यासारखी दाखवणारं ड्रॉइंग), सीलिंगचा लाइटिंग प्लॅन आणि त्यांनी स्वतः मोबाइलवर काढलेले साधे फोटो. हे मोबाइलचे फोटो फार बोलके असतात. डिझायनर स्वतःच्या कामाकडे कुठे उभा राहून बघतो ते त्यातून कळतं. मग तासभर व्हिडिओ कॉल, आणि त्यात माझा ठरलेला प्रश्न: 'या कामात तुम्ही कशावरून भांडलात?' एकदा एक डिझायनर बाई जिन्याच्या कठड्याबद्दल वीस मिनिटं बोलत राहिल्या. लाकडाची ती पट्टी तळमजल्यापासून वरपर्यंत एकही सांधा न दिसता जाते, आणि त्यासाठी सुताराने ती दोनदा नव्याने केली होती. मी प्लॅन बघून जिन्याची एकच फ्रेम ठरवली होती, तीही वरून. पट्टी त्यात दिसलीच नसती. शेवटी जिन्याच्या चार फ्रेम झाल्या, आणि स्टुडिओने आपल्या वेबसाइटवर सगळ्यात आधी लावली ती त्यातलीच एक.

आता सूर्य. प्लॅनवर उत्तर कळली की कोणती बाजू कधी उजळेल ते ॲपमध्ये बघता येतं, पण ॲप उघडायच्या आधी डोक्याने विचार करा. दक्षिण गोलार्धातल्या माझ्या पहिल्या कामात मी आख्खं वेळापत्रक दक्षिणेकडच्या दर्शनी भागावर दुपारचं ऊन पडेल असं धरून आखलं होतं. तिथे दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो. दर्शनी भाग दिवसभर सावलीत राहिला आणि मी मागच्या अंगणात उन्हाकडे बघत उभा. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. भिंतीच्या पोताला घासून जाणारं ऊन हवं असेल तर ते अर्ध्या-पाऊण तासापेक्षा जास्त टिकत नाही. शेजारच्या इमारतीची सावली मात्र कुठलंच ॲप नीट सांगत नाही. त्यासाठी तिथे राहणाऱ्या कुणाला तरी सकाळी आठ, बारा आणि चार वाजता एकाच जागी उभं राहून मोबाइलवर फोटो काढून पाठवायला सांगा. फुकटात होणारं काम आहे आणि अर्धा दिवस वाचतो.

संध्याकाळच्या निळ्या उजेडाचंही तसंच. सूर्य मावळल्यापासून तो क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंतचा हा काळ विषुववृत्ताजवळ जेमतेम २० ते २५ मिनिटांचा असतो. ६० अंश अक्षांशावर जूनमध्ये तो जवळजवळ रात्रभर चालतो. म्हणजे एका ठिकाणी एका संध्याकाळी बाहेरून एकच फ्रेम धड होईल, तर दुसरीकडे निवांत पाच होतील. आतले दिवे आणि आकाश यांचा तोल जमतो तो वेळ याहूनही छोटा. त्या फ्रेमसाठी मी तासभर आधी ट्रायपॉड लावतो, फोकस ठरवून टाकतो आणि मग कुणी चहाला बोलावलं तरी जागचा हलत नाही.

पाच दिवसांची विभागणी मी अशी करेन. पहिल्या दिवशी कॅमेरा हॉटेलवर ठेवून तिन्ही जागा पायी फिरायच्या, मोबाइलवर फ्रेम ठरवायच्या आणि डिझायनरशी क्रम नक्की करायचा. मग दोन दिवस दोन घरं, एक दिवस ऑफिस. पाचवा दिवस राखीव. स्टुडिओ म्हणेल, राखीव दिवसाचे पैसे कशाला? पाऊस, बंद पडलेली लिफ्ट, न आलेला सोफा, यातलं काहीतरी होतंच, आणि तेव्हा त्यांना तो दिवस स्वस्त वाटतो.

दिवसाला किती? आतल्या कामात माझ्या आठ ते दहा अंतिम फ्रेम होतात, तपशिलांच्या तीन-चार वेगळ्या. ऐकायला कमी वाटतं. फोटोग्राफर ल्युसियाँ एर्वे यांनी १९४९ साली मार्सेलमधल्या, आर्किटेक्ट ल कॉर्ब्युझिए यांच्या इमारतीचे एका दिवसात ६५० फोटो काढले होते आणि त्यातून दोघांचं अनेक वर्षांचं नातं जुळलं. पण ते स्वतःच्या ओढीने गेले होते. कुणी शॉट लिस्ट, म्हणजे हव्या असलेल्या फ्रेमची यादी, दिली नव्हती, कुणाच्या उशा सरळ करायच्या नव्हत्या. तुम्ही दुसऱ्याने दिलेल्या कामावर जाताय. तुमची एक फ्रेम तासभर खाणार, आणि त्यातली पन्नास मिनिटं सामान हलवण्यात जाणार.

त्या पन्नास मिनिटांत काय होतं ते सांगतो, कारण नवीन माणूस इथेच घाई करतो. समजा स्वयंपाकघर आहे. ओटा, त्यापुढे तीन स्टुलं, वर लटकते दिवे. कॅमेरा साधारण सव्वा मीटरवर, म्हणजे ओट्याचा पृष्ठभाग पातळ पट्टीसारखा दिसेल पण नाहीसा होणार नाही. लेव्हल शून्यावर. केबलने लॅपटॉप जोडलेला, स्क्रीनवर डिझायनर. पहिली फ्रेम बघितली की मधल्या स्टुलाचा पाय मागच्या कपाटाच्या उभ्या रेषेवर बरोब्बर बसलेला दिसतो, दोन्ही मिळून एकच जाड काळी रेघ. स्टूल दोन बोटं डावीकडे. आता ते डाव्या स्टुलाच्या फार जवळ आलं, म्हणून तेही थोडं. प्रत्यक्षात ही स्टुलं आता वेड्यावाकड्या अंतरावर उभी आहेत, पण कॅमेऱ्यातून समान दिसतात. नळावर खिडकीचं प्रतिबिंब आहे, ते राहू दे, नळ त्यामुळेच उठून दिसतो. ओव्हनच्या काचेत मात्र मी स्वतः उभा आहे. मी बाजूला होऊन रिमोटने शटर दाबतो. फळांचा वाडगा डिझायनरला हवा असतो, मला नको असतो. बहुतेक वेळा वाडगा जिंकतो.

आणि दिवे. आत गेल्यावर सगळे बंद करा, मग एकेक लावून बघा. खिडकीतला दिवसाचा उजेड ५५०० ते ६५०० केल्विन, घरातले पिवळे दिवे २७०० ते ३०००, ऑफिसचं एलईडी बहुतेक ४०००. हे तिन्ही एकत्र आले की पांढऱ्या भिंतीवर तीन रंगांचे डाग उमटतात आणि नंतर कॉम्प्युटरवर ते साफ करताना जीव जातो. घरात दिवसा मी छतातले दिवे शक्यतो बंदच ठेवतो. टेबल लॅम्प किंवा कपाटाखालची पट्टी लावतो, तीही वेगळ्या एक्स्पोजरमध्ये (त्याच जागेवरून घेतलेल्या वेगळ्या फोटोत), म्हणजे नंतर हवी तेवढीच मिसळता येते. लाइटिंग डिझायनर सोबत असेल तर तो यावर चिडेल. त्याच्यासाठी दिवे लावलेली एक संध्याकाळची फ्रेम द्या, भांडण मिटतं.

एक्स्पोजर दोन-दोन स्टॉपच्या अंतराने (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड) पाच घेतले तरी ते सॉफ्टवेअरला आपोआप जोडू देऊ नका. त्यातून सावल्या राखाडी होतात आणि खोली साबणाने धुतल्यासारखी दिसते. एक मूळ फ्रेम धरा आणि खिडकी, दिवा, काळा कोपरा एवढंच दुसऱ्या फ्रेममधून हाताने आणा. ही युक्ती नवी नाही. फोटोग्राफर ज्युलियस शुलमन यांनी १९६० साली लॉस एंजेलिसमध्ये आर्किटेक्ट पिअर कोनिग यांचं काचेचं घर टिपलं तेव्हा एकाच निगेटिव्हवर आधी खालच्या शहराचे दिवे काही मिनिटं नोंदवले आणि मग आत फ्लॅश मारून गप्पा मारणाऱ्या दोघी उजळल्या. आपण तेच सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक थर (लेयर) ठेवून करतो. तरी खिडकीबाहेरचं दृश्य आतल्यापेक्षा थोडं उजळच ठेवा. खऱ्या डोळ्यालाही ते तसंच दिसतं.

ऑफिसचं गणित पूर्ण निराळं. घरात एक मालकीणबाई असतात आणि त्यांना विचारून सगळं हलवता येतं. ऑफिसमध्ये कुणालाच पूर्ण अधिकार नसतो. एका रविवारी मोठ्या मीटिंग रूममध्ये मी पाच एक्स्पोजरची मालिका घेत होतो. काचेत प्रतिबिंब नको म्हणून सगळे दाराबाहेर, निश्चल. तिसऱ्या फ्रेमला आख्खा मजला अंधारला. दिव्यांना हालचाल ओळखणारे सेन्सर होते. दहा मिनिटं कुणी हललं नाही की खोली रिकामी समजून ते दिवे बंद करायचे. ते बायपास करू शकणारा माणूस रविवारी सुट्टीवर. शेवटी माझा सहायक टेबलाच्या आड जमिनीवर झोपला आणि दीड तास दर दोन मिनिटांनी हातातली फाइल हलवत राहिला. तेव्हापासून मी इमारतीच्या व्यवस्थापकाला आठवडाभर आधी लेखी विचारतो: दिवे हाताने चालू ठेवता येतील का, पडदे आपोआप खाली येतात का, बाहेरच्या दर्शनी दिव्यांचा टायमर किती वाजताचा आहे, आणि काचा कधी धुतल्या जाणार आहेत.

व्हाइटबोर्ड पुसून घ्या, कॉम्प्युटरचे स्क्रीन बंद करा किंवा त्यावर साधा रंग लावा. कुणाच्या तरी पुढच्या वर्षीचा आराखडा तुमच्या फोटोत जायला नको. माणसं हवी असतील तर चालणाऱ्यांसाठी पाव ते एक सेकंदाचं शटर. चेहरा विरघळतो, चाल राहते. चेहरा ओळखू येत असेल तर लेखी संमती. वेगवान शटर वापरायचं असेल तर तिथली वीज ५० हर्ट्झ आहे की ६० ते बघा. ५० च्या देशात दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून १/५० किंवा १/१०० धरा. ६० च्या देशात १/६० किंवा १/१२०. नाहीतर फ्रेममध्ये आडवे पट्टे येतात, आणि कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर ते दिसतीलच असं नाही.

आता लेन्स. एकच न्यायची असेल तर २४ मिलिमीटरची टिल्ट-शिफ्ट, म्हणजे कॅमेऱ्यावर कलती (टिल्ट) आणि सरकती (शिफ्ट) करता येणारी लेन्स. उंच इमारतीकडे कॅमेरा वर वळवला की उभ्या रेषा डोक्याशी जवळ येतात. शिफ्टमध्ये कॅमेरा सरळच राहतो आणि लेन्स वर सरकते. कॅनन आणि निकॉनच्या हल्लीच्या लेन्स साधारण १२ मिलिमीटर सरकतात. फुल-फ्रेम कॅमेऱ्यात आडव्या फ्रेमची उंची २४ मिलिमीटर, म्हणजे पूर्ण सरकवलं की क्षितिज थेट खालच्या कडेला येतं. तेवढं सरकवू नका. इमारतीचं डोकं जड दिसायला लागतं. मी आठ-नऊवर थांबतो आणि लागलं तर मागे जातो. ही लेन्स महाग आहे, विकत घ्यायची गरज नाही, त्या शहरात भाड्याने मिळते का ते बघा. नाहीच मिळाली तर साध्या २४ ने कॅमेरा लेव्हलमध्ये ठेवून उभी फ्रेम घ्या आणि खालची जमीन कापून टाका. सोबत ३५ आणि तपशिलांसाठी ८५ च्या आसपास काहीतरी. ॲपर्चर एफ/८ ते एफ/११. त्यापुढे गेलात तर सगळंच किंचित मऊ, म्हणजे धूसर, पडायला लागतं.

टिल्टबद्दल एक रडगाणं. प्रवासात माझ्या लेन्सचं टिल्टचं लॉक सैल झालं आणि ती अर्ध्या अंशाने वळली. लॅपटॉपवर पूर्ण फ्रेम ठीक दिसत होती. दुसऱ्या रात्री फाइल शंभर टक्क्यांवर उघडली तेव्हा दिसलं की दिवसभराच्या प्रत्येक फ्रेमची उजवी कड मऊ आहे. राखीव दिवस होता म्हणून ते घर पुन्हा करता आलं. आता टिल्ट शून्यावर आणून वर काळी टेप मारतो, आणि प्रत्येक जागेवरची पहिली फ्रेम चारही कोपऱ्यांत मोठी करून बघतो.

कागदपत्रं कंटाळवाणी असली तरी सुटका नाही. पर्यटक व्हिसावर पैसे घेऊन शूट करणं बहुतेक देशांत नियमाबाहेर आहे, तेव्हा स्टुडिओकडून निमंत्रणपत्र घेऊन योग्य व्हिसा विचारा. सामान जास्त असेल तर एटीए कार्नेट, म्हणजे सामान तात्पुरतं परदेशी नेण्याचा कस्टम्सचा कागद, काढा. त्यात प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर असतो, ते वर्षभर चालतं आणि कस्टम्सला सामान विक्रीसाठी आणलेलं नाही हे त्यावरून कळतं. सुट्या लिथियम बॅटऱ्या फक्त हातातल्या बॅगेत, १०० वॉट-अवरपर्यंत सहसा परवानगी न घेता, त्यावर १६० पर्यंत विमान कंपनीला विचारून. मोठ्या फ्लॅशच्या बॅटरीवरचा आकडा घरीच वाचा. ड्रोन न्यायचा तर त्या देशाची नोंदणी आधी. युरोपीय संघात छोटा ड्रोनही कॅमेरा असला की सहसा चालकाची नोंदणी मागतो, आणि वेगळी परवानगी न लागणाऱ्या साध्या उड्डाणात उंची १२० मीटरपर्यंत.

हक्कांचा गुंता याहून मोठा. स्टुडिओने फक्त इंटिरियर केलं असेल तर इमारत दुसऱ्याच आर्किटेक्टची असते, आणि तिच्या डिझाइनवर स्टुडिओचा हक्क नसतो. रस्त्यावरून इमारतीचा फोटो काढून व्यवसायात वापरायला अमेरिकेत अडचण नाही. फ्रान्समध्ये २०१६ च्या कायद्याने दिलेली सूट फक्त व्यक्तींना आणि बिगरव्यावसायिक वापरापुरती आहे. जर्मनीत सार्वजनिक रस्त्यावरून चालतं, पण २००३ साली तिथल्या संघीय न्यायालयाने समोरच्या घराच्या वरच्या मजल्यावरून काढलेल्या फोटोला ही सूट नाकारली. भिंतीवरचं पेंटिंग हा आणखी वेगळा हक्क. करारात एक ओळ घाला: इमारत, कलाकृती आणि घरमालक यांच्या परवानग्या आणण्याची जबाबदारी स्टुडिओची. घरातून कुटुंबाचे फोटो, दाराचा नंबर आणि अलार्मचं पॅनेल मात्र तुम्ही स्वतःच काढून टाका किंवा झाका. ते लोक तिथे राहतात.

पैशांचं. दिवसाचा एक आकडा सांगून मोकळे होऊ नका. कोटेशनमध्ये चार ओळी वेगळ्या ठेवा: शूटची फी, प्रवासाच्या दिवसांची फी, प्रत्येक अंतिम फाइलमागे एडिटिंग, आणि वापराचा परवाना. परवान्यात कोण, कुठे, किती वर्षं हे लिहा. स्टुडिओला स्वतःची वेबसाइट, स्पर्धा आणि मासिकं हवी असतात. तेच फोटो महिन्याभराने फर्निचर बनवणारा, बिल्डर आणि काचेचा पुरवठादार मागतात, आणि स्टुडिओ भोळेपणाने पाठवून देतो. हे सगळे सुरुवातीलाच खर्चात वाटेकरी झाले तर प्रत्येकाला स्वस्त पडतं आणि तुम्हाला जास्त मिळतं. फक्त प्रत्येकाचा परवाना वेगळा. निघण्याआधी निम्मी रक्कम आणि तिकीट-हॉटेलचा पूर्ण खर्च हातात घ्या. एका स्टुडिओने माझे पैसे सात महिने लटकवले होते, आणि परदेशातून वसुली करायला वकील लावायचा तर वकिलाचंच बिल मोठं झालं असतं.

एडिटिंगमध्ये फोटोतून काय पुसायचं नाही तेही लेखी ठरवा. वायर, डाग, सॉकेट ठीक. पण धूर ओळखणारं यंत्र किंवा खांब फोटोतून पुसायला सांगितला तर मी नकार देतो. ती जागा तशी नाही, आणि ते मासिकाच्या संपादकाच्या लक्षात आलं तर नाव माझं जातं.

फाइल्स रोज रात्री दोन डिस्कवर उतरवा, एक तुमच्या बॅगेत आणि दुसरी सहायकाकडे. आणि रोज रात्री झोपायच्या आधी त्या दिवसाच्या सगळ्या फ्रेम छोट्या आकारात, एडिट न करता, स्टुडिओला पाठवा. कच्चं काम दाखवायला लाज वाटते हे खरं. पण 'पडदा अर्धा उघडा हवा होता' हे वाक्य तुम्ही त्या शहरात असताना आलं तर सकाळी सातला जाऊन पडदा उघडता येतो.